देशाबाहेर ठेवलेली नोंदवही

मागच्या आठवड्यात पुण्याहून एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याची छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त तपासायचं, रिपोर्ट द्यायचा, एक प्रत कपाटात ठेवायची, असा वीस वर्षांचा संसार. आता कुणी सॉफ्टवेअरवाला त्याच्या मागे लागला आहे की सगळे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर ठेवा. आणि तो सर्व्हर म्हणे सिंगापूरला!

"अरे, माझ्या पेशंटांचे कागद मी सिंगापूरला कशाला पाठवू? इथे माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली आहेत ते काय वाईट आहेत?" मित्र चांगलाच तापला होता.

मी म्हटलं, "तू पुण्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा किती कपाटं किल्लीसकट वाहून गेली असतील, विचार घरातल्या मोठ्यांना. आणि २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा तिथल्या फायलीही कपाटातच होत्या."

तो हसला. मग म्हणाला, "ती आग, तो पूर. ते कळतं. पण लुटारू आला तर? दूर ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात पडली तर?"

हा प्रश्न मात्र खरा होता. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येईना, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. कारण ज्या गावात मी नोकरी करतो, त्या गावावर हा प्रसंग खरोखरच आलेला आहे. लुटारू आला होता, रणगाडे घेऊन आला होता, आणि त्याला पैसे, सोनं, गाड्या यांच्याबरोबर एक नोंदवहीही नाहीशी करायची होती.

आधी त्या वहीविषयी.

कुवेतमध्ये पाऊल ठेवलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत दोन शब्द पाठ होतात. एक 'अकामा', म्हणजे राहण्याचा परवाना, आणि दुसरा 'बताका', म्हणजे सिव्हिल आयडीचं कार्ड. या कार्डावर बारा आकडी नंबर असतो. पहिला आकडा शतकाचा (विसाव्या शतकात जन्मलेल्यांचा २, एकविसाव्या शतकातल्यांचा ३), पुढचे सहा आकडे जन्मतारखेचे, मग चार आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचा एक पडताळणीचा, म्हणजे नंबर लिहिताना चूक झाली तर संगणकाला ती कळावी यासाठी. बँक, दवाखाना, शाळा, फोनचं सिम, घरभाडं, काहीही करा, हा नंबर लागतोच. राजघराण्यातला असो की रत्नागिरीहून आलेला फिटर असो, नंबर प्रत्येकाला असतो.

हे नंबर देणारं खातं म्हणजे नागरी माहितीचं सार्वजनिक प्राधिकरण. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'पासी' म्हणतात. १९८२ च्या ३२ क्रमांकाच्या कायद्याने ते स्थापन झालं. आपल्याकडे आधार येण्याच्या पाव शतक आधी या चिमुकल्या देशाने आपल्या सगळ्या रहिवाशांची एक संगणकीय नोंदवही करायला घेतली होती. देश लहान आणि पैसा भरपूर, त्यामुळे ते जमलंही.

या वहीचं महत्त्व कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९९० साली कुवेतची लोकसंख्या वीस लाखांच्या वर होती, पण त्यात कुवेती नागरिक अल्पसंख्य होते. बाकी सगळे आपल्यासारखे बाहेरून आलेले. भारतीय, पॅलेस्टिनी, इजिप्शियन, पाकिस्तानी वगैरे. अशा देशात कुवेती कोण आणि पाहुणा कोण, याचं उत्तर चेहऱ्यावरून किंवा भाषेवरून देता येत नाही. ते वहीत बघावं लागतं.

गुरुवार, २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. अमीर आणि त्यांचं सरकार सौदी अरेबियात गेलं आणि तैफ या गावातून परागंदा सरकारचा कारभार सुरू झाला. ८ ऑगस्टला इराकने कुवेत आपल्यात विलीन झाल्याचं जाहीर केलं, आणि महिनाअखेरीस तो इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचा हुकूम काढला. नकाशावरून एक देश पुसला गेला.

पुढचे सात महिने जी लूट झाली तिच्या कहाण्या इथली जुनी मंडळी अजून सांगतात. दुकानं आणि मोटारी तर गेल्याच, पण दवाखान्यातली यंत्रं, विद्यापीठातली पुस्तकं, राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तू हे सगळं ट्रकांत भरून बगदादला गेलं. सरकारी कागदपत्रांचे गठ्ठेही गेले.

पण वस्तूंच्या लुटीपेक्षा खोल जाणारा उद्योग वेगळाच होता. रहिवाशांनी आपली कुवेती ओळखपत्रं आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा देऊन इराकी घ्याव्यात, असे हुकूम निघाले. देश नाही, तर त्याचं ओळखपत्र कशाला? आता कल्पना करा. जुनी ओळखपत्रं गेली, मूळ नोंदी जाळल्या, खरे रहिवासी पळून गेले किंवा हाकलले गेले, आणि त्यांच्या जागी दुसरी माणसं आणून बसवली. मग पाच वर्षांनी कुणी म्हणालं की इथल्या लोकांनाच विचारा त्यांना काय हवंय, तर 'इथले लोक' म्हणजे कोण? सिद्ध कशावरून करणार? युद्ध न करता एक देश कायमचा नाहीसा करायचा असेल तर त्याची लोकसंख्येची वही नाहीशी करणं पुरेसं आहे.

याला कुवेती लोकांनी आपल्या परीने एक साधं उत्तर दिलं. त्यांनी रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर काढून टाकले. नावांची यादी घेऊन माणसं शोधायला आलेल्या सैनिकाला घर सापडू नये म्हणून. गल्लीत राहणाऱ्याला पाटी लागत नाही. पाटी लागते ती परक्याला. आज आम्ही सर्व्हरवरची माहिती कूटबद्ध करतो, म्हणजे किल्ली नसलेल्याला ती निरर्थक दिसेल अशी करतो, त्यामागचं तत्त्व नेमकं हेच. त्या वेळी इथे अख्खं शहर कूटबद्ध झालं होतं आणि किल्ली रहिवाशांच्या डोक्यात होती.

आता वहीचं काय झालं ते सांगतो.

२८ नोव्हेंबर १९९० ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६७७ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ६७८ क्रमांकाचा ठराव सगळ्यांना आठवतो, कारण त्याने इराकला १५ जानेवारीची मुदत दिली आणि युद्धाचा रस्ता मोकळा केला. ६७७ मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो जेमतेम पानभराचा आहे, पण माझ्या धंद्यातल्या माणसाने तो एकदा तरी वाचावा असा आहे.

ठरावाने आधी कुवेतच्या लोकसंख्येची रचना बदलण्याच्या आणि नागरी नोंदी नष्ट करण्याच्या इराकच्या प्रयत्नांचा निषेध केला. मग सरचिटणीसांना सांगितलं की कुवेतच्या लोकसंख्या नोंदवहीची एक प्रत तुम्ही आपल्या ताब्यात घ्या. ती प्रत खरी आहे असं कुवेतच्या कायदेशीर सरकारने प्रमाणित केलेलं असावं. तिच्यात १ ऑगस्ट १९९० पर्यंतच्या नोंदी असाव्यात. आणि ती प्रत कुणी पाहायची, कशी वापरायची, याचे नियम सरचिटणीसांनी कुवेत सरकारच्या सहकार्याने ठरवावेत.

तुम्ही म्हणाल यात विशेष काय? माझ्या चष्म्यातून बघा.

प्रत देशाबाहेर, म्हणजे चोर ज्या घरात शिरलाय त्या घरात नाही. आम्ही याला दूरचा बॅकअप म्हणतो. प्रत मूळ मालकाने प्रमाणित केलेली, म्हणजे उद्या कुणी दुसरीच वही पुढे करून 'ही खरी' म्हणालं तर खरं-खोटं ठरवता यावं. आज हे काम डिजिटल सही करते. तारीख १ ऑगस्ट, म्हणजे आक्रमणाच्या आदल्या दिवसाची. चोर आल्यानंतर वहीत झालेली खाडाखोड त्या प्रतीत येऊच शकत नाही. हल्ली रॅन्समवेअरचा हल्ला झाला की आम्ही पहिलं काम काय करतो? हल्ल्याच्या आधीची स्वच्छ प्रत शोधतो. आणि चौथी गोष्ट, जी लोक नेहमी विसरतात, ती म्हणजे प्रत सांभाळणाऱ्याला ती वाट्टेल तशी वाचण्याचा हक्क नाही. सांभाळणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

१९९० साली, आपल्याकडे सामान्य माणसापर्यंत साधा ईमेलही पोचला नव्हता तेव्हा, पंधरा देशांचे मुत्सद्दी एका टेबलाभोवती बसून एकमताने बॅकअपची नियमावली संमत करत होते. त्यांनी तिला ते नाव दिलं नाही इतकंच.

पैशाच्या बाबतीतही कुवेत असंच वाचलं. त्यांची परदेशी गुंतवणूक सांभाळणारं कार्यालय १९५३ पासून लंडनमध्ये होतं. आक्रमण झाल्याबरोबर अमेरिका आणि ब्रिटनने कुवेतची त्यांच्याकडची मालमत्ता गोठवली, आणि हे गोठवणं मालकाच्या भल्यासाठी होतं. बगदादहून कुणी कुवेतच्या नावाने सही करून पैसे काढू नयेत म्हणून. नॅशनल बँक ऑफ कुवेतचा कारभारही त्या काळात लंडनमधून चालू राहिला. देशात पडलेल्या नोटा मात्र लुटल्या गेल्या. त्यावर मध्यवर्ती बँकेने मुक्ततेनंतर महिनाभरात, २४ मार्च १९९१ ला, नव्या नोटा काढल्या आणि चोरीला गेलेल्या नोटांचे क्रमांक रद्द केले. चोराच्या हातात राहिला तो नुसता रंगीत कागद. पासवर्ड चोरीला गेला तर रडत बसू नये, तो बदलून टाकावा, हा धडा इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच कुणी गिरवला असेल.

आणि आपली माणसं? त्या ऑगस्टमध्ये दीड लाखाहून जास्त भारतीय कुवेतमध्ये अडकले होते. अम्मानहून मुंबईला त्यांना आणण्यासाठी एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं केली आणि एक लाख अकरा हजारांवर माणसं आणली. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. या प्रवासाविषयी इथल्या एका कोकणी काकांनी मला सांगितलेलं लक्षात राहिलं आहे. त्यांचा पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलाच्या, तिजोरीत होता आणि कफील देश सोडून गेलेला. तिजोरी होती, किल्ली नव्हती. बसने बगदाद आणि तिथून पुढे अम्मान गाठताना काकांजवळ स्वतःची ओळख म्हणून होतं ते बुटाच्या तळाखाली दडवलेलं सिव्हिल आयडीचं कार्ड. "तेवढ्यावर मी मी होतो," काका म्हणाले.

त्या 'मी मी होतो'ची किंमत नंतर कळली. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई द्यायची होती. निरनिराळ्या देशांतून सुमारे २७ लाख दावे आले. कुवेत किंवा इराक सोडून जावं लागलेल्या साध्या नोकरदारांसाठी ठरावीक रक्कम होती. एकट्या माणसाला अडीच किंवा चार हजार डॉलर, कुटुंबाला पाच किंवा आठ हजार. भारत सरकारने आपल्या लोकांचे दावे गोळा करायला परराष्ट्र खात्यात खास कुवेत कक्ष उघडला होता. पण खरा कोण आणि खोटा कोण, हे लाखो अर्जांत ठरवायचं कसं? प्रत्येकाची साक्ष काढायला शंभर वर्षं लागली असती. आयोगाने संगणकावर दाव्यांची यादी आणि जमवलेल्या नोंदींची यादी एकमेकींशी जुळवून पाहिली. ज्याचं नाव कुठल्यातरी टिकलेल्या वहीत होतं, त्याचं काम सोपं झालं. सुमारे पंधरा लाख दावेदारांना मिळून ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले, आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये कुवेतला पोचला. एकतीस वर्षांनी! नोंदी किती काळ टिकायला हव्यात, असं कुणी विचारलं तर मी हा आकडा सांगतो.

याच्या उलट, ज्या कागदांची दुसरी प्रत बाहेर नव्हती त्यांचं काय झालं? कुवेतचे राष्ट्रीय अभिलेख, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा मूळ दप्तरखाना, इराकमध्ये नेला गेला. तो परत करावा यासाठी सुरक्षा परिषदेने १९९९ च्या ठरावापासून पाठपुरावा केला. अलीकडच्या वर्षांत इराकने काही टन कागदपत्रं, पुस्तकं, ध्वनिफिती परत केल्या. पण तो मूळ दप्तरखाना २०२४ पर्यंत तरी सापडलेला नव्हता. पेशवे दफ्तर आपल्या हाती उरलं म्हणून आपण आपला इतिहास लिहू शकलो. ते गेलं असतं तर, असा विचार केला की कुवेतचं दुःख कळतं.

एवढं सांगितल्यावर माझा मित्र म्हणेल, "म्हणजे जितक्या प्रती जास्त तितकं चांगलं!" इथेच तर गोम आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार चोख होत्या. प्रत्येकाचं कार्ड, त्यावर पत्ता, धर्म, सगळं. १९४० साली जर्मन आले आणि ती चोख वही आयती त्यांच्या हाती पडली. ज्यू कोण आणि कुठे राहतो हे त्यांना शोधावं लागलं नाही, वाचावं लागलं. २७ मार्च १९४३ च्या रात्री विलेम अरोन्डेयस या चित्रकाराच्या पुढाकाराने काही तरुण पोलिसांचे वेष घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात घुसले आणि कार्डांचे ढीग पेटवले. पण सुमारे पंधरा टक्केच नष्ट झाली. नंतर पकडले गेलेल्यांपैकी बाराजणांना गोळ्या घातल्या. आणि दुर्दैव असं की ओळखपत्रांच्या नोंदींची दुसरी प्रत हेग शहरात होती! बनावट ओळखपत्र त्या प्रतीशी ताडून पकडता येत असे. अखेर ११ एप्रिल १९४४ ला ब्रिटिश विमानांनी ती इमारतच बाँब टाकून उडवली. त्यात साठेक सामान्य माणसं गेली. नेदरलँड्समधल्या दर चार ज्यूंपैकी तीन युद्धातून वाचले नाहीत.

कुवेतला ज्या दुसऱ्या प्रतीने तारलं, तशाच दुसऱ्या प्रतीने हेगमध्ये माणसं मारली. म्हणजे प्रश्न प्रतींच्या संख्येचा नाही आणि अंतराचाही नाही. ती कुणाच्या हाती आहे आणि त्याला ती वाचता येते का, हा खरा प्रश्न आहे.

इथे कुवेतविषयीही एक कटू गोष्ट सांगायला हवी. वही सुरक्षित राहिली म्हणजे ती न्यायी होती असं नाही. या देशात 'बिदून' म्हणवले जाणारे लाखभर लोक आहेत. बिदून म्हणजे 'विना', नागरिकत्वाविना. १९६५ च्या शिरगणतीत आपलं किंवा वाडवडिलांचं नाव होतं का, यावर त्यांच्या पिढ्यांचं भवितव्य अडलेलं आहे. ज्याचं नाव वहीत शिरलंच नाही, त्याला बॅकअपचा काय उपयोग? चूक वही कितीही जपली तरी चूकच जपली जाते.

असो. आता आजच्या काळात येऊ.

कुवेतने आणीबाणीत केलं ते आता काही देश आधीपासून ठरवून करतात. २००७ साली एस्टोनियावर मोठा सायबर हल्ला झाला. त्यातून शहाणे होऊन त्यांनी २०१७ साली लक्झेंबर्गशी करार केला आणि तिथे आपल्या सरकारी नोंदींच्या प्रती ठेवल्या. जागा लक्झेंबर्गची, पण त्या सर्व्हरना वकिलातीसारखं संरक्षण. यजमान देशाचे अधिकारीही परवानगीशिवाय आत शिरू शकत नाहीत. याला ते डेटा वकिलात म्हणतात. आखातात बहारीनने २०१८ साली असाच कायदा केला, की परदेशी ग्राहकाचा आमच्याकडे ठेवलेला डेटा त्याच्या देशाच्या कायद्याखाली राहू शकेल. भारताच्या २०२३ च्या अर्थसंकल्पातही गुजरातच्या गिफ्ट सिटीत इतर देशांच्या डेटा वकिलातींना जागा देण्याची घोषणा होती.

युक्रेनचं उदाहरण तर थेट कुवेतची आठवण करून देणारं आहे. सरकारी डेटा देशाबाहेर ठेवायला तिथे कायद्याने बंदी होती. रशियन फौजा सीमेवर जमल्यावर, २४ फेब्रुवारी २०२२ च्या आक्रमणाच्या जेमतेम आठवडाभर आधी संसदेने कायदा बदलला. सुरुवातीच्या क्षेपणास्त्रहल्ल्यांत सरकारचं एक डेटा सेंटर सापडलं. तोवर नोंदी हलवण्याचं काम सुरू झालेलं होतं.

आणि खुद्द कुवेत? इथल्या दूरसंचार नियामकाने डेटाच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत आणि अतिसंवेदनशील डेटा देशातच ठेवण्यावर भर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. ज्या देशाला बाहेरच्या प्रतीने वाचवलं तोच आता आत ठेवा म्हणतो! पण नंतर पटलं. दूरचा सर्व्हर ज्याच्या जमिनीवर आणि ज्या कंपनीचा, त्यांचा कायदाही बरोबर येतो. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याने तिथलं न्यायालय अमेरिकन कंपनीकडे तिच्या परदेशातल्या सर्व्हरवरचा डेटाही मागू शकतं. १९९० साली कुवेतची प्रत सांभाळायला संयुक्त राष्ट्रं होती आणि वापराचे नियम कुवेतच्या सहकार्याने ठरणार होते. भाड्याच्या सर्व्हरवर तुमच्या सहकार्याची वाट कोण बघणार?

शिवाय 'क्लाउड' या नावाने फसू नका. ढगबिग काही नसतो. कुठल्यातरी गावातली इमारत असते, तिला आग लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एका मोठ्या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि लाखो संकेतस्थळं बंद पडली. त्यात रडले कोण? ज्यांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच आवारात होता ते. 'दूर' ठेवलंय खरं, पण दोन्ही प्रती एकाच दुराव्यात! आम्ही दोन गोष्टी एकाच इमारतीत ठेवून 'बॅकअप आहे' म्हणणाऱ्याला बॅकअप नसलेलाच समजतो.

तर मित्रा, तुझ्या लॅबचं काय करायचं?

त्या सॉफ्टवेअरवाल्याला ६७७ च्या ठरावातले चार प्रश्न विचार. एक, दुसरी प्रत कुठे असते, आणि ती पहिलीपासून खरोखर वेगळ्या गावात असते का? दोन, परत मिळालेली प्रत माझीच आहे आणि तिच्यात कुणी हात घातलेला नाही, हे मला कसं पटवशील? तीन, आज सगळं बिघडलं तर कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत काढता येईल का? आणि एकदा काढून दाखव. न तपासलेला बॅकअप हा नुसता दिलासा असतो. चार, तुझ्या कंपनीतला कुठला माणूस माझ्या पेशंटचा रिपोर्ट उघडून वाचू शकतो?

चौथ्या प्रश्नावर तो गडबडला तर समजून जा. तिथे उपाय एकच. डेटा इथून निघायच्या आधीच त्याला कुलूप लागलं पाहिजे आणि किल्ली तुझ्याकडे राहिली पाहिजे. मग सिंगापूरवाल्याकडे राहील ते नुसतं कुलूपबंद पेटारं. तो ते सांभाळेल, पण त्याला ते उघडता येणार नाही. फक्त किल्लीचीही एक जोड विश्वासू माणसाकडे दुसऱ्या घरी ठेव, नाहीतर काकांच्या पासपोर्टासारखं व्हायचं. तिजोरी शाबूत, किल्लीवाला पसार.

आणि हो, कपाटही राहू दे. सिंगापूरची प्रत कपाटाच्या ऐवजी नको, कपाटाच्या जोडीला हवी.

हे सगळं मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या काकांना भरपाई मिळाली का रे?"

मिळाली. उशिरा, पण मिळाली. त्या पैशातून गावी घराला स्लॅब पडला. आणि ते बुटात दडवलेलं, कडा झिजलेलं कार्ड काकांनी अजून जपून ठेवलंय. घरच्या लोखंडी कपाटात, कुलपाखाली. मी गंमतीने विचारलं, "काका, याची झेरॉक्स काढलीये का?"

काका म्हणाले, "मुलीकडे ठेवलीये, ठाण्याला."